टाचेच्या फ्रॅक्चरला थ्रीडी सी-आर्म : टाके घालण्याआधी एकदा फिरवाच

टाचेच्या हाडाचं सांध्यात गेलेलं फ्रॅक्चर बसवलं, प्लेट लागली, लॅटरल शूटवर (बाजूने घेतलेल्या एक्स-रेवर) बोलरचा कोन (टाचेच्या हाडाची उंची टिकली का ते सांगणारा) २० ते ४० अंशांत आला, की टाके घालायची घाई होते. पण तो कोन पोस्टीरियर फॅसेटबद्दल, म्हणजे टाचेच्या हाडावरच्या मुख्य सांध्याच्या पृष्ठभागाबद्दल, फार थोडं सांगतो. फॅसेट तिरका आणि वक्र. लॅटरलमध्ये त्याच्या कडा एकमेकींवर चढतात आणि २ मि.मी.ची पायरी (तुकड्यांमधला उंचीचा फरक) सहज लपते. ब्रोडेन व्ह्यू (हा फॅसेट दाखवणारे तिरके एक्स-रे) घ्यायलाच हवेत: पाय ३० ते ४५ अंश आत वळवून, ट्यूब डोक्याकडे १०, २०, ३०, ४० अंश कलवत चार शूट. तरीही प्रत्येक शूटमध्ये फॅसेटचा एक पट्टाच दिसतो.

सीमेन्सचं सिओस स्पिन हे थ्रीडी सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना वापरायचं फिरतं एक्स-रे मशीन) इथे कामी येतं. पायाभोवती फिरून ते सुमारे ३० सेकंदांत १६ सें.मी. बाजूच्या घनाचा स्कॅन देतं. टाच आणि घोटा त्यात आरामात मावतात.

खरा वेळ जातो तो तयारीत, आणि टूर्निकेट (पायाचा रक्तपुरवठा थांबवणारा पट्टा) चालू असताना हा वेळ जपून वापरावा लागतो. टेबल कार्बनचं हवं. पेशंट कुशीवर असेल तर खालचा पाय पुढे सरकवून शूटच्या वाटेतून काढावा. टाच एपी (समोरून) आणि लॅटरल दोन्हींत मधोमध आणून एक कोरी फेरी (एक्स-रे न सोडता) मारावी, कारण आर्म टेबलाला अडकला तर ते आत्ताच कळलेलं बरं. रिट्रॅक्टर आणि टॉवेल क्लिपा बाहेर, तुकडे के-वायरवर (बारीक धातूच्या तारांवर) धरलेले, माणसं लीडच्या पडद्याआड. एक क्लिप जरी राहिली तरी ऐन फॅसेटवर पांढरे पट्टे येतात.

स्कॅन आला की मशीनने दिलेल्या काटकोनी कापांवर निकाल देऊ नये. ही चूक फार होते. सॅजिटल कापावर (बाजूने दिसणाऱ्या उभ्या कापावर) फॅसेट शोधा, कापाची रेषा त्याला काटकोनात वळवा. पायरी दिसते ती त्या तिरक्या कोरोनल (समोरून दिसणाऱ्या) कापात. मग सस्टेंटॅक्युलममध्ये (टाचेच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या कंगोऱ्यात) घातलेला स्क्रू स्क्रूच्याच लांबीच्या रेषेत पाहा. तो सांध्यात शिरलाय का, की आतल्या बाजूला बाहेर आलाय? तिथे खालच्या खोबणीतून अंगठ्याचा फ्लेक्सर टेंडन जातो. धातू स्कॅनमध्ये फुगून दिसतो, स्टील टायटॅनियमपेक्षा जास्त. म्हणून विंडो (चित्रातल्या काळ्या-पांढऱ्या छटांची मर्यादा) रुंद करून स्क्रूचं टोक दोन-तीन कापांत तपासावं.

मऊ ऊतींसाठी हे मशीन नाही. किंमतही साध्या आयआयटीव्हीच्या (नेहमीच्या सी-आर्मच्या) कितीतरी पुढे, आणि टेक्निशियन तयार नसेल तर ती वाया जाते. साधा सी-आर्मच असेल तिथे ब्रोडेन नीट घ्या आणि ऑपरेशननंतर सीटी करा. पण त्या सीटीत पायरी सापडली तर पुन्हा भूल, आणि टाचेच्या बाहेरच्या बाजूची ती पातळ कातडी पुन्हा उघडायची. ती आधीच मुश्किलीने भरते. सँडर्स ३ मध्ये (फॅसेटचे तीन तुकडे झालेल्या फ्रॅक्चरमध्ये), किंवा सायनस टार्सीच्या (घोट्याखाली बाहेरच्या बाजूच्या खोबणीवरच्या) छोट्या चिऱ्यातून काम करताना, फॅसेट डोळ्यांना पुरता दिसतच नाही. तिथे हा स्कॅन दर वेळी करावा.