‘द स्पेक्ट्रम’: खेळांच्या यादीमागे दडलेला जुना संगणक

रेट्रो गेम्स या ब्रिटिश कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आणलेला ‘द स्पेक्ट्रम’ हा १९८२ सालच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचा नवा अवतार आहे. आमच्याकडे तो लंडनहून आलेल्या भाच्याच्या सामानातून कोथरूडला पोहोचला. खोक्यात केबली मिळतात, अ‍ॅडॅप्टर मिळत नाही. परंतु मोबाइलचा साधा चार्जर चालतो, आणि तोही घरात नसेल तर पुण्यातली विजेच्या वस्तूंची तपकीर गल्ली आहेच.

काळी पेटी, रबरी कळा आणि कोपऱ्यातले रंगीत पट्टे मूळ यंत्राबरहुकूम आहेत. चाळीस कळांपैकी बहुतेक प्रत्येकीवर अनेक शब्द छापलेले आहेत, कारण या संगणकावर आज्ञा अक्षर-अक्षर टंकित करायची नसते. ओळीच्या सुरुवातीला ‘पी’ दाबले की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटतो. सुरुवातीला याचा वैताग येतो, मात्र एकदा बोटे सरावली की आज्ञेचे स्पेलिंग चुकण्याचा प्रश्नच उरत नाही.

अठ्ठेचाळीस खेळ आत भरलेले असून टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसते. खेळ काही सेकंद मागे नेण्याची नवी सोय माझ्यासारख्या मंद हातांच्या माणसाला फारच उपयोगी पडते. जॉयस्टिक वेगळी घ्यावी लागते.

माझा आक्षेप निराळाच आहे. हे यंत्र सुरू केल्यावर खेळांची चित्रमय यादी समोर येते. मूळ स्पेक्ट्रम सुरू केल्यावर तो बनवणाऱ्या सिंक्लेअर कंपनीच्या नावाची एक ओळ दिसे आणि बाकीचा पडदा रिकामा असे; पुढे काय करायचे ते मालकाने ठरवायचे. १७५ पौंडांत अठ्ठेचाळीस किलोबाइटची स्मृती, पडदा म्हणून घरचाच टीव्ही आणि साठवणुकीसाठी साधा कॅसेट रेकॉर्डर एवढ्या सामग्रीवर सामान्य कुटुंब स्वतः प्रोग्राम लिहू लागेल, हा त्या काळचा विश्वास त्या रिकाम्या पडद्यात होता. आपल्याकडेही १९८४ मध्ये ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आले ते याच आशेने, आणि पुढे स्पेक्ट्रम प्लस या सुधारित स्पेक्ट्रमची परवानाधारक भारतीय आवृत्तीही निघाली.

त्या आशेचा आपल्याकडचा सर्वांत लोभस चेहरा मला शम्मी कपूर यांचा वाटतो. ‘तुमसा नहीं देखा’ (१९५७) आणि ‘जंगली’ (१९६१) यांतला त्यांचा नायक मान, खांदे, केस, सगळे काही तालावर सोडून देतो. आपण हास्यास्पद दिसू ही भीती त्याला शिवतही नाही. त्याच निर्भयपणे या माणसाने पन्नाशी उलटल्यावर, १९८८ च्या सुमारास, घरी संगणक आणला. नोकरीची गरज नव्हती की परीक्षेची सक्ती नव्हती, होते ते निखळ कुतूहल. पुढे इंटरनेट वापरणाऱ्यांच्या भारतीय संघटनेचे ते संस्थापक-अध्यक्ष झाले आणि कपूर घराण्याचे संकेतस्थळही त्यांनी स्वतः सांभाळले. १४ ऑगस्ट २०११ रोजी ते गेले, तेव्हा बहुतेकांना फक्त गाणी आठवली, याची मला अजून थोडी चुटपुट आहे.

अशा कुतूहलाच्या माणसाला हे नवे यंत्र काय देते? पुष्कळ देते, पण मागितल्यावर. प्रोग्राम लिहिण्याची बेसिक ही भाषा आत आहे आणि ती खरोखर चालते. एकवीस चिन्हे आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत आपल्याला हवी तशी घडवता येतात. मी त्यांत देवनागरी बसवून पाहिली. शिरोरेषा वरच्या ओळीत सहज जमते आणि शेजारच्या अक्षराला नीट जुळतेही, मात्र वेलांटीला डोक्यावर जागाच उरत नाही, म्हणून शिरोरेषा दोन ओळी खाली आणावी लागते आणि मग ‘क्ष’सारखी अक्षरे पार चेंगरतात. या खटपटीत एक अख्खा रविवार आनंदात गेला. खेळ मात्र तासाभरात पुरे झाले होते.

मूळ यंत्राबरोबर स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेले बेसिकचे सविस्तर पुस्तक मिळे, तसे पुस्तक या खोक्यात नाही. ही उणीव मला जॉयस्टिक नसण्यापेक्षा मोठी वाटते. केवळ खेळांसाठी कोणी घेणार असेल, तर मी शिफारस करणार नाही; घरात दहा-बारा वर्षांचे चौकस मूल किंवा निवृत्त झालेले चौकस आजोबा असतील, तर जरूर घ्यावे.