थंड इंजिनावरचं टॅपेट सेटिंग: 7 महिने आणि 26 हजार किलोमीटरनंतर

गाडी 2010 ची, दहा चाकी. कमिन्सचं सहा सिलिंडरचं 5.9 लिटर बीटी इंजिन, बारा व्हॉल्व्हवालं. मीटर साडेसात लाखांच्या पुढं गेलंय. नेहमीची फेरी कराड ते चिपळूण, जाताना साखर नाहीतर गूळ, येताना चिरा. म्हणजे कुंभार्ली घाट चढायचा तो भरल्या गाडीनंच.

दिवाळीनंतर सकाळचा सेल्फ लांबायला लागला. इंजिन लागलं की मिनिट-दीड मिनिट पांढरा धूर आणि एक सिलिंडर मिस. नोझल तपासले, ठीक होते. हायवेकडेच्या एका गॅरेजात टॅपेट करून घेतले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप लावून घेतला. मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवून, कान लावून, एकेक टॅपेट 'शांत' केला. आवाज बंद झाला, मी पण खूश. पंधरा दिवसांत घाटाच्या पायथ्याची पोफळी सोडल्यावर जिथं तिसऱ्या गिअरवर निघायचो, तिथं दुसरा टाकायला लागला.

आमच्या गल्लीत एसटीच्या डेपोतून रिटायर झालेले एक फिटर काका आहेत. त्यांना सांगितलं, एक टॅपेट पुन्हा थोडा वाजतोय. ते म्हणाले, "वाजतोय तो राहू दे. गप बसलाय तो दाखव."

तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाखो किलोमीटर पळालेल्या इंजिनात व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसत जातो, त्याचा दांडा रॉकरकडं वर सरकतो. गॅप वाढत नाही, उलट मिटतो. गॅप संपला की व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये जाते. टेकलाच नाही तर कडेनं जळतो. आवाज मात्र काहीच येत नाही.

फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या ठरावीक जाडीच्या पत्त्या, आणलं आणि रात्रभर थंड झालेल्या गाडीवर सकाळी सहाला बसलो. या इंजिनाचं माप थंडीवरच घ्यायचं, 60 अंशांच्या खाली. इनलेट दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे 0.25 मिलिमीटर, एक्झॉस्ट वीस थाऊ म्हणजे 0.51. सहा सिलिंडरची सहा वेगळी कव्हरं, प्रत्येकाला मधे एकच बोल्ट. क्लीनर फ्लायव्हील फिरवायला, काका स्टुलावर चहा घेऊन. फायरिंग 1-5-3-6-2-4. सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलायला लागले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की एक नंबरचे दोन्ही सेट करायचे. तसंच पाच-दोन आणि तीन-चार जोडीनं.

बारापैकी सात टाइट निघाले. पाच नंबरच्या एक्झॉस्टमध्ये तर सगळ्यात पातळ पत्ती पण जाईना, पुश रॉड बोटांनी फिरेना. मिस होणारा सिलिंडर तोच.

खरं काम लॉक नटचं. स्क्रू बरोबर लावतो आपण, पण नट आवळताना तो बरोबर फिरतो आणि एक-दोन थाऊ गायब. स्क्रू ड्रायव्हर दाबून धरायचा, नट आवळायचा आणि पत्ती पुन्हा घालायची. वजनकाट्याच्या पावत्यांच्या गठ्ठ्यातून मधली पावती ओढताना जसं लागतं, तेवढंच लागलं पाहिजे. पहिले चार टॅपेट मी तीन-तीनदा केले. काका हसत होते.

वाजणारा होता दोन नंबरचा इनलेट. पत्ती दहाची बरोबर जात होती, तरी टकटक. रॉकर काढून पाहिला तर टोकाला खळगा पडलेला. सपाट पत्ती खळग्याच्या दोन काठांवर बसते, खालची पोकळी मोजतच नाही. रॉकर बदलला, आवाज गेला.

आता 7 महिन्यांचा हिशोब. सकाळी अर्ध्या सेल्फवर गाडी लागते, पांढरा धूर नाही. कुंभार्लीत तिसरा गिअर परत आला, पण वरच्या दोन वळणांना दुसराच लागतो, तो आधीपासूनच लागायचा. डिझेलमध्ये मात्र फेरीला दीड-दोन लिटरचा फरक, तोही पाय कुणाचा यावर. फार मोठ्या आशेनं करू नका. इंजिन ऑइल पहिल्याइतकंच खातंय. ते रिंगांचं दुखणं, टॅपेटनं जायचं नव्हतंच.

एक चूक माझी. जुनीच पॅकिंग परत बसवली. तीन नंबरचं कव्हर पाझरलं, ऑइल मॅनिफोल्डवर पडून केबिनमध्ये जळका वास. सहाही पॅकिंग नवीन घ्या, चहापाण्याइतकाच खर्च आहे.

गेल्या आठवड्यात पुन्हा सगळे तपासले. अकरा टॅपेट जिथल्या तिथं, फारतर एखादा थाऊ इकडं-तिकडं. पाच नंबरचा एक्झॉस्ट मात्र वीसवरून तेरावर आलाय. 26 हजारांत सात थाऊ. पुन्हा वीसवर आणून ठेवलाय, पण ती सीट बसत चाललीय एवढं नक्की. पावसात चिऱ्याच्या खाणी बंद असतात, गाडी उभीच राहते. तेव्हा हेड उतरवून पाच नंबरची सीट नवीन घालणार आहे. काकांनी स्टूल आत्ताच सांगून ठेवलंय.