केस गळतायत की विरळ होतायत? उपचाराआधी हे बघा

आमच्या घरात एकाच वर्षी दोघांना केसांनी रडवलं. एक लातूरला नीटच्या शिकवणीसाठी राहिलेली भाची, दुसरा धाकटा भाऊ, ज्याच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. गावाकडून दोघांना सल्ला एकच आला: बोअरच्या पाण्यानं न्हाऊ नका, हे तेल लावा. पण दोघांचं दुखणं वेगळं होतं.

भाचीचे केस पुंजक्यानं जात. न्हाणीच्या जाळीवर रोज काळा गोळा अडकायचा. केसाच्या टोकाची पांढरी गाठ बघून ताई म्हणाली, "मुळासकट चाललेत गं!" तसं नसतं. ती गाठ म्हणजे वाढ संपलेला केस; मूळ डोक्यातच राहतं आणि तिथूनच नवा केस येतो. दिवसाला ५० ते १०० केस तर सगळ्यांचेच जातात. डॉक्टरांनी आधी विचारलं, "दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?" डेंग्यू झाला होता. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून उतरवलेलं वजन, यांचा परिणाम केसांवर इतक्या उशिरा दिसतो, म्हणून कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यात मेसचं जेवण आणि अंगावरून जास्त जाणारी पाळी. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि फेरिटिन तपासलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फार कमी निघालं. लोहाच्या गोळ्या आणि नीट जेवण, एवढ्यावर सहा महिन्यांत भांगाजवळ बारीक नवे केस उभे राहिले.

भावाचं नेमकं उलट. जाळीवर फारसं काही नाही, पण कपाळाचे कोपरे मागे सरकत होते आणि टाळूवर कातडी दिसू लागली होती. हे वंशाचं टक्कल. डीएचटी या हार्मोनमुळे केसाचं मूळ आक्रसत जातं. हा वारसा आईकडूनही येतो, वडिलांकडूनही. असे केस आपोआप परत येत नाहीत, म्हणून इथे थांबण्यात नुकसान आहे.

त्याच्यापुढे दोन औषधं होती. मिनॉक्सिडिल डोक्याला लावायचं. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते आणि घाबरून बरेच जण तिथेच सोडतात. गुण चार-सहा महिन्यांनी कळतो, आणि लावणं थांबवलं की मिळालेलं जातं. फिनास्टेराइडची गोळी थेट डीएचटी कमी करते. काही पुरुषांची त्यानं कामेच्छा कमी होते, हे लग्नाच्या मुलाला आधी स्पष्ट सांगायलाच हवं. गरोदर बाईनं तर फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. भावानं आधी मिनॉक्सिडिल निवडलं, मला ते पटलं.

आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट टोचण्याचा पीआरपी प्रकार मी या दोन्हींच्या खाली ठेवीन: खर्च मोठा, गुण प्रत्येकाला सारखा नाही. केशरोपण पक्कं असतं, पण मागचे केस पुढे लावल्यावरही आजूबाजूची गळती चालूच राहते. पंचविशीत घाई करू नये, आणि हात त्वचारोगतज्ज्ञाचा किंवा सर्जनचाच असावा.

तेल आणि पाण्याचं म्हणाल, तर बोअरच्या जड पाण्यानं केस राठ होतात, तुटतात; टक्कल पडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात लोकांना अचानक टक्कल पडलं, तेव्हाही आधी पाण्यावरच संशय गेला, पुढे सेलेनियम या खनिजाची चर्चा झाली. चाई पडली, म्हणजे रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा आला, तर त्यावर लसूण चोळू नका; कातडी भाजते. संभाजीनगरची घाटी, लातूर, नांदेड, अंबाजोगाईची सरकारी मेडिकल कॉलेजं, यांच्या त्वचारोग ओपीडीत आधी दाखवा.

भाऊ दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच भिंतीशी, त्याच ट्यूबलाइटखाली टाळूचा फोटो काढतो. पाचव्या फोटोत टाळू भरलेली दिसते. कोपरे मात्र होते तिथेच आहेत.