भरलेल्या बोकडाच्या पोटातून काय निघालं

गटारीच्या तोंडावर 'अख्खा भरलेला बोकड घरपोच' अशा जाहिराती कोल्हापुरात पुन्हा फिरायला लागल्यात. ऑर्डर द्यायच्या आधी गेल्या आखाडात आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी काय झालं ते वाचा.

जाहिरातीचा व्हिडिओ जबरदस्त होता. मोठ्या परातीत तांबूस भाजलेला बोकड, पोटाचा टाका उसवला की आत कोंबड्या, कोंबडीत खिमा, खिम्यात अंडी आणि भोवती वाफाळता भात. खाली लिहिलेलं : 'अमेरिकेत टर्डकन, मग कोल्हापूर मागं का?' घरात नवे जावई येणार होते, मुंबईचे पाहुणे होते, पन्नासेक पानं उठायची होती. केटररनं दर सांगितला : 20 किलोचा बोकड, आत चार गावरान कोंबड्या, 28,000 रुपये, निम्मे आधी. थोरले काका म्हणाले, बोकड बघायला येतो. त्यावर उत्तर आलं, "काका, आखाडाची गर्दी हाय. इस्वास ठेवा की!"

परात आली तेव्हा दोघांना उचलत नव्हती. उरलेले पैसे त्यानं दारातच घेतले, आणि जावयांच्या हस्ते टाका उसवला. भात आला. आणखी भात आला. मग बटाटे. त्याखाली दोनच कोंबड्या निघाल्या. जाड छातीच्या, आखूड तंगडीच्या, सरळसरळ ब्रॉयलर. खिमा म्हणजे सोयाबीनच्या वड्यांचा चुरा, त्यात मटण नावाला. अंडी कोंबडीत नव्हतीच, वर सजावटीला अर्धी कापून मांडलेली. काकांची उमर वडगावच्या बाजारात बकरी पारखण्यात गेली. त्यांनी पाठीवरची चरबी बोटानं दाबली, वास घेतला आणि हळूच म्हणाले, "बोकड न्हवं हे. म्हातारी मेंढी हाय." शेपूट तर आधीच उडवलेलं. बोकडाचं शेपूट आखूड आणि वर वळलेलं, मेंढीचं खाली लोंबतं, म्हणून ते आधी जातं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मांडीत सुरी घातली तर हाडाजवळ मांस लालभडक, कोंबडीचे सांधेही गुलाबी. अर्धी मंडळी तोवर दोन-दोन घास खाऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी तिघांची पोटं बिघडली. वहिनींनी सगळं फोडून पातेल्यात घातलं, चूल पेटवली, आणि रात्री उशिरा तांबडा रस्सा-भाकरीवर पंगत उठली. भरलेला भात मात्र टाकून दिला. कच्च्या कोंबडीचं पाणी त्यात मुरलेलं, तो कोण खाणार?

केटरर जाहिरातीत टर्डकनचं नाव घेतो म्हणून सांगतो. लुईझियानाकडचा हा प्रकार, थँक्सगिव्हिंगला करतात : कोंबडी बदकात, बदक टर्कीत. पण त्यातली खरी मेहनत हाडं काढण्यात आहे. आतले दोन्ही पक्षी पूर्ण सोडवून घेतात, मग मंद आचेवर कितीतरी तास भाजतात, आणि मधोमध थर्मामीटर खुपसून 74 अंश सेल्सिअस झाल्याशिवाय बाहेर काढत नाहीत. कारण भरलेल्या मांसात उष्णता बाहेरून आत जाते आणि सारण सगळ्यात शेवटी तापतं. इथं हाडांसकट गार कोंबड्या कोंबल्या, टाके घातले, वरून रंग आणि आच दिली. बाहेर खमंग, आत कच्चं.

फोन केला तर म्हणे, "20 किलो म्हणजे जितं वजन. तुम्ही इचारलंच कुठं?" जिवंत 20 किलोच्या जनावराचं कातडं, मुंडी, पाय, वजडी गेल्यावर हाडासकट निम्म्याच्या आसपासच मटण उरतं. मग परात एवढी जड कशानं? भातानं आणि बटाट्यानं. 2019 च्या शेवटी मटणाच्या दरासाठी रस्त्यावर उतरलेलं हे शहर, आणि याला वाटलं आपलं खपून जाईल! खपतंयही, कारण लबाडी पाहुण्यांच्या पंगतीत उघडी पडते आणि जावयासमोर तमाशा नको म्हणून यजमान गिळून बसतो. त्यात अमावास्येनंतर श्रावण लागतो, मटणाचा विषयच घरात निघत नाही. आखाडाचाच मुहूर्त धरतो तो याचसाठी.

आम्ही गिळलं नाही. उसवल्यापासूनचे फोटो, पैसे पाठवल्याचा पुरावा, त्याचे मेसेज ठेवले आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, तिथंही कागद दिलेत. त्याच्या पावतीवरचा 14 आकडी अन्न परवाना क्रमांक अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (FSSAI) संकेतस्थळावर टाकून पाहिला, तर तो भलत्याच दुकानाचा निघाला. हे दोन मिनिटांचं काम आहे. पैसे पाठवायच्या आधीच करा. बोकड मात्र स्वतः खाटकाकडून घ्या, शेपूट ठेवायला सांगा, सोलल्यावर वजन करा, आणि भरणं-भाजणं डोळ्यांदेखत करणाऱ्या आचाऱ्याला द्या. तो हाडं काढणार नसेल तर आतल्या कोंबड्या आधी पूर्ण शिजवून घ्यायला लावा.

आणि तो व्हिडिओ कोल्हापूरचा नाहीच. भाच्यानं शोधून काढला, आखाती देशातल्या लग्नातला आहे. तिकडं भातावर अख्खं कोकरू मांडायची रीतच आहे. कडेचा अरबी मजकूर कापलाय, पण वाढणाऱ्याची पांढरी लांब बाही शेवटी दोन क्षण दिसते. यंदाच्या जाहिरातीतही तीच बाही आहे, दर फक्त 3,000 नी वाढलाय.