दोन माणसांचा तंबू, वापरून झाल्यावर: कापड झकास, चेन भिकार

वजन, उंची, खांब किती, हे सगळं विक्रीच्या पानावर आहेच, ते इथे उगाळत नाही. मी लिहायला बसले ती चेनमुळे. आठ हजारांचा तंबू, आणि आतल्या जाळीच्या दाराची चेन पहिल्याच मोठ्या ट्रेकला उसवल्यासारखी: रनर पुढे जातो, मागे दात उघडेच.

ट्रेक रतनगड ते हरिश्चंद्रगड. दोघंच, आणि सगळा संसार पाठीवर घेऊन पहिल्यांदाच. कापड माझ्या सॅकमध्ये, खांब आणि खुंट्या नवऱ्याच्या. रतनवाडीतून शिड्या चढून वर गेलो तर गुहेत जागा मिळाली, म्हणजे त्या रात्री तंबू नुसतं ओझं. कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला पोचेपर्यंत माझं डोकं फिरलं होतं. तिथे एका घराच्या अंगणात तो उभारला आणि चेनने दगा दिला. डिसेंबरची थंडी, अंगणात शेळ्या, दार सताड. घरातल्या मावशींनी बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिना काढून दिल्या. पाचनईच्या मुक्कामालाही त्याच पिना. आठ हजार!

घरी आल्यावर कंपनीच्या सेवाकेंद्राला फोन केला. "मॅडम, चेन वॉरंटीत येत नाही, ती झिजणारी वस्तू आहे." अहो, एका ट्रेकमध्ये? मग म्हणे अख्खा तंबू धुऊन, वाळवून, तुमच्या खर्चाने कुरिअर करा, तपासून सांगतो. फोन ठेवला.

तंबू नेला बाजारातल्या बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. त्यांनी पक्कडीने रनरच्या दोन्ही कडा हलकेच दाबल्या आणि चेन लागली! दात शाबूत असतात, पण रनरचं तोंड सैल झालं की तो त्यांना एकमेकांत दाबून बसवत नाही. वाटेवरची बारीक धूळ आत जाऊन तो आणखी घासतो, म्हणून मुक्काम हलवताना जुन्या टूथब्रशने चेन झाडायची. दाबलेला रनर काही महिन्यांनी पुन्हा रुसला तेव्हा काकांनी तो बदलूनच दिला. तीस रुपये. यात कंपनीला काय जड होतं?

इथपर्यंत एकच तारा देणार होते. पण जूनमध्ये भंडारदऱ्याला रात्रभर धो धो पाऊस झाला आणि आत शिवणीतून थेंब नाही. 3000 मिमी लिहिलेलं असतं त्याचा अर्थ, कापडावर 3 मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपू देत नाही. मला ती जाहिरातबाजी वाटायची. सकाळी छताला ओल होती, पण ती आमच्याच श्वासाची. वरची झडप उघडी ठेवली की बरीच कमी होते. म्हणून साडेतीन तारे. चार नाही, चेनमुळे.

दोन माणसं मावतात, भांडण झालेलं नसेल तर. सॅक बाहेर ओसरीत.

घेणार असाल तर दुकानातच आतली चेन वीसेक वेळा उघडबंद करून बघा, विशेषतः वळणावर. रनरच्या मागे आकडा कोरलेला असतो, त्याच मापाचा एक जादा रनर सोबत ठेवा. नवरा सध्या रोज रात्री नवे तंबू बघत बसतो. त्याला सांगितलंय, तीस रुपये वसूल होईपर्यंत हाच.