माइकची खरखर घालवायला काय घ्यावं: डोंगल, यूएसबी माइक की ऑडिओ इंटरफेस?

आमचा एक छोटा गट दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. नवीन वाचक आला की आठवड्याभरात त्याचा फोन येतोच: "मागे सारखा सूंऽऽ आवाज येतोय, बाहेरून लावायचं साउंड कार्ड कोणतं घेऊ?" मुलं ही पुस्तकं हेडफोन लावून, वेग वाढवून, तासन्‌तास ऐकतात. मागची खरखर त्यांना थकवते. म्हणून मी या प्रश्नाचं घाईत उत्तर देत नाही. आधी विचारते, आवाज नक्की कुठून येतोय?

लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर दहा सेकंद शांतता रेकॉर्ड करा. घूंऽऽ असा जाड आवाज गायब झाला, तर दोष विजेच्या बाजूचा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची घरघर ५० आणि १०० हर्ट्झवर बसते. दोन पिनी चार्जर आणि जुन्या इमारतीतलं नावापुरतं अर्थिंग असलं की ती हमखास ऐकू येते. अशा वेळी बॅटरीवर रेकॉर्ड करणं हा फुकटचा उपाय आहे. डेस्कटॉप असेल तर पुढच्या जॅकऐवजी मागचा गुलाबी जॅक वापरून बघा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून सगळ्या गोंगाटाजवळून येते. विंडोजमधला 'मायक्रोफोन बूस्ट' +३० वर असेल तर तो +१० वर आणा आणि माइक तोंडाजवळ घ्या.

आणि कॉलरला अडकवायचा छोटा माइक वापरत असाल, तर तोच जॅक असलेल्या फोनला लावून बघा. फोनवर आवाज स्वच्छ आला तर कॉम्प्युटरचं साउंड कार्ड, म्हणजे माइकच्या सिग्नलचे आकडे करणारा भाग, दोषी. फोनवरही तीच सूंसूं आली तर दोष माइकचा किंवा खोलीचा. छताचा पंखा, फ्रिज, खिडकीखालची रिक्षा यांवर कुठलीही डबी चालत नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

आता साउंड कार्डच दोषी ठरलं असं धरू.

सर्वात स्वस्त पर्याय म्हणजे यूएसबी डोंगल. पेन ड्राइव्हएवढी डबी, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला हेडफोन आणि माइकची दोन छिद्रं. काही शेकड्यांत मिळते. बऱ्याच डोंगलांत सी-मीडियाची सीएम१०८ किंवा तिच्या जातीची चिप असते, माइकची बाजू मोनो, १६ बिट. 'फक्त १६ बिट?' म्हणून नाक मुरडू नका. १६ बिटांत तत्त्वतः ९६ डेसिबलची जागा मिळते, घरातली शांत खोली त्याच्या कितीतरी अलीकडेच संपते. खोक्यावरच्या २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ या आकड्यांवरून खरखर किती येईल ते कळत नाही. डोंगलची खरी अडचण दुसरी आहे. ते त्याच यूएसबीच्या विजेवर आणि त्याच ग्राउंडवर चालतं, त्यामुळे माउस हलवला की येणारी बारीक किरकिर काही मशीनवर तशीच राहते. शिवाय सेटिंगमध्ये 'ऑटो गेन कंट्रोल' (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) चालू असेल तर तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की मागचा आवाज फुगून वर येतो. तो आधी बंद करा.

जॅकचाही घोळ होतो. बोयाच्या बीवाय-एम१ सारख्या कॉलर माइकची पिन चार कड्यांची, मोबाइलसाठीची असते. डोंगलच्या माइकच्या छिद्रात ती नीट बसत नाही. हेडफोन-माइक वेगळे करणारा छोटा स्प्लिटर सोबत घ्या, नाहीतर डोंगल बिघडलंय असं समजून परत कराल.

दुसरा पर्याय यूएसबी माइक. यात साउंड कार्ड माइकच्या पोटातच असतं. क्षीण सिग्नलला लांब वायरीतून जावंच लागत नाही, आकडे होऊनच तो बाहेर येतो. रोज शिकवणी किंवा मीटिंग असेल तर मी हाच सुचवते. मात्र यातले बरेच माइक कंडेन्सर, म्हणजे जास्त संवेदनशील जातीचे असतात आणि टेबलावर लांब ठेवले की पंखा, कुकर, शेजारचा टीव्ही सगळं गोळा करतात. सॅमसनचा क्यू२यू मला आवडतो, कारण तो डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील जातीचा आहे आणि त्याला यूएसबी आणि एक्सएलआर (स्टुडिओतली तीन पिनांची जोडणी) दोन्ही आहेत. चार बोटांवरून बोललात तर खोली बरीच मागे पडते. आज थेट कॉम्प्युटरला लावा, पुढे इंटरफेस घेतलात तरी माइक तोच चालेल.

तिसरा, ऑडिओ इंटरफेस, म्हणजे एक्सएलआर माइक लावता येणारं बाहेरचं साउंड कार्ड: बेहरिंगर यूएम२ पासून फोकसराइट स्कार्लेट सोलोपर्यंत. सोलो घ्यायचा तर माइक धरून दहा हजारांच्या पुढे जातं. एवढे पैसे कशासाठी, तर एक्सएलआरच्या तीन तारांसाठी. दोन तारांतून एकच सिग्नल उलटसुलट जातो, वाटेत शिरलेली घरघर दोन्हींवर सारखीच बसते आणि इंटरफेस एकातून दुसरा वजा करतो. आवाज उरतो, घरघर जाते. साध्या जॅकच्या वायरीला हे जमत नाही.

म्हणूनच बीएम-८०० जातीचा स्वस्त कंडेन्सर, सोबत आलेल्या एक्सएलआर-ते-जॅक वायरीने लॅपटॉपला लावलेला दिसला की मला वाईट वाटतं. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज हवी, जॅकमधून जेमतेम दोन-पाच व्होल्ट मिळतात. त्याच्यासाठी डोंगल घेण्यापेक्षा यूएम२ आणि खरी एक्सएलआर केबल घ्या. फरक पहिल्याच वाक्यात कळतो.

इंटरफेस घेताना गेन, म्हणजे तो माइकचा सिग्नल किती वाढवू शकतो, ते बघा. शुअर एसएम७बी सारख्या क्षीण सिग्नल देणाऱ्या डायनॅमिक माइकला जवळपास ६० डेसिबल गेन लागतो. तिसऱ्या पिढीच्या सोलोत तो ५६ पर्यंतच जातो. चौथ्या पिढीच्या स्कार्लेट २आय२ मध्ये ६९ आहे. नॉब शेवटपर्यंत पिळला की स्वस्त इंटरफेसची स्वतःची शूंऽऽ सुरू होते. आणि रेकॉर्डिंग मोनो ट्रॅकवर करा, नाहीतर आवाज फक्त डाव्या कानात जाईल. आमच्याकडे एक अख्खा धडा त्यामुळे पुन्हा वाचावा लागला होता.

आमच्या गटातल्या कॉलर माइकवाल्यांना मी डोंगलच घ्यायला सांगते, तेवढ्यावर बहुतेकांचं भागतं. वर्षभर पुस्तकं वाचायची ठरवली असेल तर मात्र थोडं थांबून इंटरफेसचे पैसे साठवा.

काहीही घेतलंत तरी परतीची मुदत आहे तोवर मोजून घ्या. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एक परिच्छेद वाचून रेकॉर्ड करा, त्याची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या मध्ये आणा, मग त्याच रेकॉर्डिंगमधल्या शांत तुकड्याचा आरएमएस (हीच सरासरी पातळी) बघा. ऑडिओबुकसाठी एसीएक्स या ऑडिबलच्या प्रकाशन-सेवेची अट उणे ६० किंवा त्याहून खाली अशी आहे, आम्हीही तीच धरतो. चार्जर लावल्यावरच आकडा बिघडत असेल तर इंटरफेसनंतरही यूएसबीचं ग्राउंड आड येतंय. त्यावर यूएसबी आयसोलेटर, म्हणजे दोन्हींतला विजेचा संबंध तोडणारी डबी, मिळतो, पण एडीयूएम४१६० चिपचा स्वस्त आयसोलेटर सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच चालतो. डोंगलला तो पुरतो, स्कार्लेटला पुरत नाही.