सार्कोफागोची ‘आय.एन.आर.आय.’ : नव्या आवृत्तीतील एलपी ऐकताना

ब्राझीलमधील बेलो होरिझोन्ते या शहरातल्या, मेटल हा रॉक संगीताचा कर्कश आणि जोरकस प्रकार वाजवणाऱ्या सार्कोफागो या बँडची ‘आय.एन.आर.आय.’ ही पहिली मोठी ध्वनिमुद्रिका १९८७ साली निघाली. तिची नव्याने काढलेली एलपी गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी पोचली आणि ज्या टर्नटेबलवर वडील आजही नाट्यपदे लावतात, त्याच टर्नटेबलवर ती मी आतापर्यंत सात-आठ वेळा शांतपणे बसून ऐकली आहे. हे संगीत मला नवे नाही. महाविद्यालयात असताना वसतिगृहातल्या एका मित्राने दिलेल्या कॅसेटवर ते मी वर्षानुवर्षे ऐकले. पण ती कॅसेट दुसऱ्या कॅसेटवरून आणि ती बहुधा तिसरीवरून उतरवलेली होती. त्यामुळे तिच्यातला गदारोळ मूळ वादनाचा किती आणि झिजलेल्या फितीचा किती, हे मला कधीच उमगले नव्हते. नवी आवृत्ती मागवण्यामागे हाच प्रश्न होता आणि तिने त्याचे उत्तर दिले, म्हणून हा परिचय लिहीत आहे.

फितीने खाल्ला होता तो बास. जेराल्ड इन्क्युबस या नावाने वाजवणाऱ्या वादकाची बास गिटार कॅसेटवर जवळजवळ नव्हतीच. इथे ती गिटारींच्या खालून घरघरत, पण स्पष्टपणे चालत राहते आणि गाण्यांना बूड मिळते. ड्रमचा जो प्रपात मी फितीचा दोष मानत आलो, तो मात्र दोष नव्हता. ते वादनच तसे आहे. डी. डी. क्रेझी हा वादक स्नेअर आणि बास ड्रम अशा वेगाने वाजवतो की आघात सुटे न राहता त्यांचा एक सलग पडदा तयार होतो. या वादनप्रकाराला आज ब्लास्ट बीट म्हणतात आणि जगभरच्या टोकाच्या मेटलमध्ये तो रुळलेला आहे. १९८७ साली तो इतक्या सातत्याने वाजवणारे फार थोडे होते. सवाई गंधर्व महोत्सवात द्रुत लयीतही तबल्याचा बोलन् बोल वेगळा ऐकण्याची सवय लागलेल्या कानाला हे सुरुवातीला जड जाते. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र त्या पडद्याआडून झांजांची ठिकाणे आणि लय अचानक मोडण्याच्या जागा दिसू लागतात. नव्या आवृत्तीच्या मास्टरिंगने, म्हणजे छपाईपूर्वी आवाजावर केलेल्या शेवटच्या संस्काराने, हा खडबडीतपणा घासून गुळगुळीत केलेला नाही, याचे मला फार समाधान वाटते.

हा खडबडीतपणा कुठून आला, हे समजायला बँडचा इतिहास थोडा माहीत असावा लागतो. गायक वॅग्नर लामूनिये आधी त्याच शहरातल्या सेपुल्तुरा बँडमध्ये होता. सेपुल्तुराची पहिली ध्वनिमुद्रिका निघण्यापूर्वीच तो बाहेर पडला आणि १९८५ साली सार्कोफागो उभा राहिला. सेपुल्तुरा म्हणजे पोर्तुगीजमध्ये थडगे आणि सार्कोफागो म्हणजे दगडी शवपेटी. एकाच शहरातल्या तरुणांनी निवडलेली ही नावे त्यांच्या मनःस्थितीबद्दल पुरेसे सांगतात. १९६४ पासूनची लष्करी राजवट १९८५ मध्ये संपत होती, महागाई भडकलेली होती, परदेशी वाद्ये आणि उपकरणे सामान्य घरातल्या मुलांच्या आवाक्याबाहेर होती आणि भोवतालचा मिनास जेराइस प्रांत जुन्या कॅथलिक चर्चसाठी प्रसिद्ध होता. गाण्यांमधली धर्मनिंदा त्या वातावरणात आसपासच्या माणसांना थेट झोंबणारी होती. शब्द मला आजही कच्चे आणि काही ठिकाणी केवळ धक्का देण्यासाठी लिहिलेले वाटतात, पण त्यामागचा राग खोटा वाटत नाही.

या सगळ्यांना आधार मिळाला तो कोगुमेलो या दुकानाचा. बेलो होरिझोन्तेतले हे तबकड्यांचे दुकान १९८५ मध्ये स्वतः ध्वनिमुद्रिका काढू लागले. सेपुल्तुरा आणि ओव्हरडोस या दोन बँडची एकत्र तबकडी त्यांनी प्रथम काढली. त्यानंतर १९८६ च्या ‘वॉरफेअर नॉइज’ या संकलनात सार्कोफागोसह चकाल, म्युटिलेटर आणि होलोकाउस्टो यांना जागा मिळाली. एखाद्या दुकानदाराने गिऱ्हाइकांच्याच पोरांची गाणी छापावीत आणि ती पुढे नॉर्वेपर्यंत पोचावीत, ही गोष्ट मला या इतिहासात सर्वांत जास्त आवडते. नॉर्वेतल्या सॅटिरिकॉन या बँडने १९९९ साली या तबकडीचे शीर्षकगीत वाजवून ध्वनिमुद्रित केले. मुखपृष्ठावरचा वेशही, म्हणजे रंगवलेले चेहरे, चामडे, खिळ्यांचे पट्टे, काडतुसांच्या माळा आणि मागे दफनभूमी, तिथल्या ब्लॅक मेटल या मेटलच्या धर्मविरोधी उपप्रकारातल्या वादकांनी पुढे आपलासा केला.

नेमके हेच मुखपृष्ठ नव्या आवृत्तीत निराशा करते. छपाई इतकी काळी उतरली आहे की चेहऱ्यांचे बारकावे दिसेनासे झाले आहेत. आतल्या पानावर शब्द आहेत, पण बँडविषयी एकही परिच्छेद नाही. इतक्या महत्त्वाच्या ध्वनिमुद्रिकेसोबत चार पानांचा मजकूर देणे प्रकाशकांना अशक्य नव्हते. तबकडी स्वतः मात्र जाड आणि सपाट आहे, खरखर नगण्य आहे, आणि सगळे ध्वनिमुद्रण अर्ध्या तासाच्या आत संपत असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या रेघांना भरपूर जागा मिळून शेवटची गाणीही दबलेली ऐकू येत नाहीत. आतले कागदी पाकीट पातळ आहे. पुण्याच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी लवकर धरते, तेव्हा ते पहिल्याच दिवशी बदलून प्लॅस्टिकचे घालावे.

ज्यांनी हा बँड कधीच ऐकलेला नाही, त्यांनी आधी १९९१ ची ‘द लॉज ऑफ स्कर्ज’ ऐकावी. ती अधिक सफाईदार आहे, गिटारवादन गुंतागुंतीचे आहे आणि तिथून मागे येणे सोपे जाते. १९९४ च्या ‘हेट’मध्ये त्यांनी माणसाऐवजी ड्रम मशीन वापरले, डी. डी. क्रेझीचे हात ऐकल्यावर मला ते आजही पटत नाही. २००० साली ‘क्रस्ट’ ही छोटी तबकडी काढून बँड थांबला आणि लामूनिये विद्यापीठात शिकवू लागला. ज्यांच्याकडे माझ्यासारखी झिजलेली कॅसेट आहे, त्यांनी मात्र ही एलपी जरूर घ्यावी आणि दुसरी बाजू पहिल्यांदा आवाज कमी ठेवून ऐकावी, कारण बास गिटार तिथेच सर्वांत चांगली उमटली आहे.